दोन कुलपांमागची समई

१

चादर ओढली आणि खाली बांबू निघाला.

पुण्याहून आलेल्या पुरातत्त्वाच्या मॅडम चादरीचं टोक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. समोर घमेल्यातल्या मातीत रोवलेला पुरुषभर बांबू होता आणि त्याच्या डोक्यावर पालथं मडकं. चादरीखाली जी समई असायला हवी होती, ती नव्हती.

"हीच का ती समई?" मॅडमनी विचारलं.

कमानीला लटकलेली वटवाघळं तेवढी हलली.

वेल्हे तालुक्यात निगुडवाडी आणि पांगारी ही दोन गावं एकाच टेकडीच्या दोन अंगांना आहेत. दुसऱ्या महायुद्धात, विमानं येऊन बॉम्ब टाकणार अशी आवई या खोऱ्यातही पोचली, तेव्हा कुणा जाणत्या कारभाऱ्यानं टेकडीच्या पोटात बंकर खोदून घेतला होता. विटांच्या कमानी, लोखंडी दार. आसपासच्या देवळांतल्या मूर्ती, पालख्या, नगारे, समया तिथं नेऊन ठेवल्या होत्या. युद्ध संपलं, वस्तू परत गेल्या, दरड कोसळून दार बुजलं आणि लोक विसरून गेले. यंदा उन्हाळ्यात नळाची चारी खोदताना जेसीबीचा दात त्या दाराला लागला. आतल्या खोल्या रिकाम्या होत्या. फक्त शेवटच्या खोलीत एक पितळी समई उभी होती. चांगल्या उंच्यापुऱ्या माणसाएवढी, पायाशी कासवं, माथ्यावर मोर.

निगुडवाडी म्हणाली, आमची. पांगारी म्हणाली, आमची. बाचाबाची वाढत गेली, तेव्हा दाराला दोन कुलपं लागली. एकाची किल्ली निगुडवाडीच्या गेनू सरपंचाकडे, दुसऱ्याची पांगारीच्या सोनबाकडे. एकट्यादुकट्याला दार उघडताच येऊ नये. गेनू आणि सोनबा एकमेकांचे सख्खे मेहुणे. गेनूची बायको साळूबाई ही सोनबाची थोरली बहीण. पण समई निघाल्यापासून दोघांची बोलचाल बंद होती.

दोन्ही कुलपं शाबूत होती आणि समई गेली होती.

गेनू हळूच वळला. दाराबाहेर राखणीला बसवलेला गोरख आत डोकावत होता.

"गोरख्या," गेनू म्हणाला, "कुलपं उघडायची कला हितं दुसऱ्या कुणाला येती रं?"

गोरख पूर्वी विहिरींवरच्या मोटारी चोरल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला होता. चोरालाच राखणीला बसवलं की चोरी होत नाही, असं म्हणून गेनूनंच त्याला हे काम दिलं होतं.

"म्या न्हाई वो आण्णा. देवीची शपथ, म्या हात बी लावला न्हाई."

"उद्या सकाळी ठाण्यात सांग."

गोरखनं कोपऱ्यात जाऊन मोबाईल काढला. त्याच्यावर विश्वास ठेवील असं एकच माणूस त्याला ठाऊक होतं, आणि ते भोरला राहत होतं.

२

नूरजहाँबाई दोन्ही गावांच्या मिळून असलेल्या शाळेत उभी हयात शिक्षिका होत्या. गेनू, सोनबा, साळू, गोरख, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. वर्गात कुणाचं खोडरबर हरवलं की बाई दप्तरं तपासत नसत. एकेकाला जवळ बोलवून इकडचं तिकडचं विचारत, आणि खोडरबर मधल्या सुट्टीच्या आत सापडे. निवृत्त झाल्यावर त्या भोरला नवऱ्याबरोबर राहत. जहांगीरभाई एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गोरखचा फोन ठेवल्याबरोबर बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि जहांगीरभाईंनी न विचारता स्कूटर काढली.

"त्यानं चोरली असंल तर?" नसरापूर सोडल्यावर जहांगीरभाईंनी विचारलं.

"तर मला फोन केला नसता. लहानपणी खोटं बोलायचं असलं की तो तोंड चुकवून ओढ्याला जाऊन बसायचा."

बंकरच्या तोंडाशी गोरख उभा होता. बाईंना बघून तो वाकायला गेला आणि कळवळला.

"काय झालं रे?"

"मान आकडलीया. परवा आतली साफसफाई केली, तवा लेंड्यांची पोती म्याच वाहिली. तवापास्नं वळंना."

"कसल्या लेंड्या?"

"वटवागळांच्या. खत म्हणून बायकांनी भरून घेतल्या. दोन पोती पांगारीच्या मंगलवयनीकडं, दोन साळूआक्काकडं."

जहांगीरभाईंनी खिशातली बामची डबी काढून त्याच्या मानेला चोळायला घेतली. बाई त्या मानेकडे बघत राहिल्या.

मॅडमच्या सांगण्यावरून दोन्ही किल्लीवाल्यांनी दार उघडलं. गेनू एका बाजूला उभा, सोनबा दुसऱ्या. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर.

"शाळेत एका डब्यात जेवत होतात रे," बाई म्हणाल्या. दोघांनी दोन दिशांना पाहिलं.

आत शिरताच बाहेरचा वैशाख मागं राहिला. उताराची वाट गार होती. जहांगीरभाईंच्या बॅटरीच्या उजेडात भिंतीवर गावांची नावं दिसू लागली, गेरूनं रंगवलेली, खाली एकेक कोनाडा. पहिल्या खोलीत वाळवीनं खाल्लेल्या फळ्या. दुसऱ्या खोलीत छताला कड्या; त्यांना पालख्यांचे दांडे टांगत असावेत. वर हवेसाठी ठेवलेले झरोके तळहाताएवढे. त्यातून वटवाघूळ येईल, माणूस नाही. एका कोनाड्याच्या कडेला कुणीतरी बोटानं शेंदूर पुसला होता. तो अजून लाल होता.

बाई तिथं थांबल्या. "डोक्यावर बॉम्ब पडणार म्हणून जीव मुठीत धरून होती माणसं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि लपवले कोण? आधी देव लपवले."

जहांगीरभाईंनी त्यांच्या पायाखाली उजेड धरला.

तिसऱ्या खोलीत तो बांबू अजून उभा होता. बाई त्याच्याभोवती फिरल्या, मग खाली बसून फरशीवर हात फिरवू लागल्या. फरशीच्या फटीत बोटाला काहीतरी लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं. चिंचोका होता. शेजारी आणखी दोन. अजून चिकट.

"बंकरात चिंचेचं झाड तर न्हाई," जहांगीरभाई म्हणाले.

"नाही. आणि समई नेणारा चोर बाहेरचा नाही." बाईंनी बांबूकडे बोट केलं. "मला सांगा, एखाद्यानं रात्रीचं येऊन, कुलपं उघडून समई नेली, तर जाताना तो हे बुजगावणं कशाला उभं करील? कुलपं लावली की आत बघणार कोण?"

"मग?"

"समई गेल्यावर लगेच कुणीतरी आत डोकावणार होतं, म्हणून बांबूला चादर पांघरली. म्हणजे ती कुलपं लागल्यावर गेली नाही, जहांगीर. ती कुलपं लागायच्या आधी गेली. भर दिवसा, ह्या दोघांच्या डोळ्यांदेखत."

३

गेनूच्या घरापुढं मांडवाचे वासे येऊन पडले होते. त्याची मुलगी प्रेरणा हिचं लग्न चार दिवसांवर आलेलं.

"साफसफाई झाल्यावर आत कोण गेलं होतं?" बाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई. म्या आन् त्यो सोनबा, दोघांनी बोळातनं बॅटरी मारली. चादर पांघरलेली समई उभी दिसली. लगीच कुलपं लावली. तवापास्नं दार उगडलं ते आज मॅडम आल्यावर."

"चादर कुणी घातली?"

"बायकांनी. धूळ बसू ने म्हणून."

"आणि साफसफाई चालू असताना तुम्ही दोघं?"

"दारात. एक इकडं, एक तिकडं. बाहिर येणारं हरेक माणूस बघत हुतो. पुरुषभर समई काय पदराखाली लपती व्हय?"

ओसरीवर गेनूची आई ठकुबाई बसली होती. वय नव्वदीच्या पुढं. गावातल्या गावात दिलेली, त्यामुळं तिचं बाळपणही इथलंच. बाईंनी जवळ बसून तिचा हात हातात घेतला.

"आजी, समई आठवती का तुमची?"

"न आठवाया काय झालं? कासवाच्या पाठीवर कवड्या ठिऊन खेळायचो आमी. खाली कासवं, आन् वर हंस."

"हंस न्हाई आये, मोर," गेनू म्हणाला आणि मोबाईलवरचा फोटो दाखवू लागला.

"त्यो फोटू गेला चुलीत. हंस व्हता."

"वय झालं," गेनू ओशाळून म्हणाला. "पांगारीवाले ह्येच धरून बसल्यात. म्हणत्यात, तुमच्या म्हातारीलाच ठावं न्हाई."

टेकडीला वळसा घालून स्कूटर पांगारीला गेली. सोनबाच्या वडिलांनी, चिमाजीनं, बाईंना बघून काठी टेकत उठायचा प्रयत्न केला.

"बसा बाबा. समई आठवते?"

"तर! बाच्या खांद्यावर बसून मोराला हात लावायचो म्या. वर मोर, आन् खाली चार हत्ती."

"हत्ती न्हाईत, कासवं," सोनबा दात खात म्हणाला. "बाबा, कितीदा सांगायचं?"

"आरं, हत्तीच्या सोंडंला पाय अडकून पडलोय म्या. ही बघ खूण." म्हाताऱ्यानं गुडघा उघडा केला.

बाईंनी खूण नीट पाहिली. मग सोनबाकडे वळल्या. "भाचीच्या लग्नाला जाणार ना?"

सोनबाचा चेहरा उतरला. "समई निगुडवाडीत गेली तर त्या मांडवात पाय ठेवणार न्हाई, असं बोलून बसलोय बाई. चार माणसांत बोललो. आता कसं जायाचं?"

"आणि गेनू काय म्हणाला?"

"समई पांगारीला गेली तर मामाबिगर लगीन लावीन म्हणला."

सोनबाच्या घरून निघाल्यावर जहांगीरभाई म्हणाले, "दोन्ही म्हातारी माणसं अर्धं बरोबर सांगतात, अर्धं चूक."

"हूं. पण चुकीचं सांगणाऱ्याच्या गुडघ्यावर खूण नसते," बाई म्हणाल्या.

४

पोती बाहेर नेणारा गोरख सोडला तर साफसफाईला आत दोघीच होत्या, पांगारीची मंगल आणि निगुडवाडीची साळूबाई. आळीपाळीनं दोघी शेवटच्या खोलीत गेल्या होत्या. बाई आधी मंगलकडे गेल्या. परसात शिरायच्या आधीच लेंड्यांचा उग्र वास नाकात गेला. मिरचीच्या वाफ्यांत काळं खत पसरलं होतं आणि रिकामी पोती कुडावर वाळत होती.

"खत चांगलं आहे गं," बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. जहांगीरभाईंनी बाजूला उरलेलं एक अर्धं पोतं सहज एका हातानं उचलून बघितलं. ते भुसकटासारखं हलकं होतं.

"बाई," मंगल म्हणाली, "गोरख्या चोर हुता खरा. पर बंकरातनं त्यो पोती वाहत हुता, तवा माजा पाय घसरला, तर त्यानं पोतं टाकून मला धरलं. असा माणूस..."

तिथून त्या परत गेनूच्या घरी, साळूबाईकडे गेल्या. गोठ्यामागं वांग्यांचा वाफा होता. वांगी हिरवीगार, बुडाशी कोरडी लाल माती. वास कसलाच नव्हता. पोतीही दिसली नाहीत.

साळूबाईनं चहा आणला. तिच्या उजव्या हाताचा तळवा गुलाबी, घासून उजळलेला. बाकी हात रापलेले.

"समई घासायला चिंच तू नेली होतीस का गं साळू?"

"व्हय बाई. देवीची हाय, म्हणलं जरा चमकू दे."

"आणि लेंड्या कुठं टाकल्यास?"

"वांग्यांना," साळूबाई म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

बाई चहा न पिता उठल्या. अंगणात जहांगीरभाई वाट बघत होते.

"काय झालं?"

"समई गोरखनंच नेली," बाई म्हणाल्या.

जहांगीरभाईंच्या हातातून स्कूटरची किल्ली खाली पडली.

५

बाई लगेच गोठ्यात गेल्या. साळूबाई गाईच्या गळ्यात हात टाकून उभी होती.

"साळू, मी सगळ्यांना बंकरपाशी बोलावते आहे. तू बोलणार की मी बोलू?"

साळूबाईनं गाईच्या गळ्यातला हात काढून घेतला. मग म्हणाली, "तुमी सुरवात करा बाई. म्या येती."

उन्हं कलली तशी दोन्ही गावं बंकरच्या तोंडाशी जमली. ठकुबाईला खुर्चीत बसवून आणलं, चिमाजीला टेम्पोतून. मॅडम वही मिटून उभ्या राहिल्या.

"समई बंकरातून गोरखनं बाहेर काढली," बाई म्हणाल्या.

एकच गलका उठला. गोरख पांढराफटक पडला. बाईंनी वर्गात करीत तसा हात वर केला आणि गलका थांबला.

"डोक्यावरून काढली. आणि त्याला ठाऊक नव्हतं. वटवाघळाच्या लेंड्या वाळल्या की भुसकटासारख्या हलक्या होतात. ती पोती वाहून कुणाची मान आखडत नाही. मंगलच्या पोत्यांत लेंड्याच होत्या, त्या मिरच्यांना गेल्या. दुसऱ्या दोन पोत्यांत वर लेंड्या आणि खाली पितळ होतं."

"पुरुषभर समई पोत्यात?" सोनबानं विचारलं.

"आपण सगळे पुरुषभर वस्तू शोधत बसलो. घरातली समई कशी असते? फिरवली की तुकडे सुटतात. हिचे सांधे पितळेवर चढलेल्या हिरव्या कळकानं धरले होते म्हणून ती एकसंध वाटली. चिंच लागली आणि कळक सुटला. जळमटं काढायचा बांबू तिथंच होता, प्यायच्या पाण्याचं मडकं तिथंच होतं. त्यांचंच चादरीखाली बुजगावणं झालं."

गेनूनं मागं वळून पाहिलं. चिंच कुणी नेली होती ते त्याला ठाऊक होतं.

साळूबाई गर्दीतून पुढं आली. तिच्या पाठीमागं प्रेरणा आणि मंगल, दोघींच्या मध्ये जड पोतं.

"भाताच्या कणगीत ठेवली व्हती," साळूबाई म्हणाली. "घासता घासता हातात सुटून आली. आन् डोक्यात आलं, ही न्हाईच मिळाली तर दोघं भांडतील कशावर? लगीन पार पडंस्तोवर तरी ऱ्हाऊ दे. मग बंकरात परत ठिवनार व्हते."

"माज्या घरात? माज्या कणगीत?" गेनूचा आवाज चढला. "आन् म्या गावभर चोर हुडकतोय!"

"तुमी चोर हुडकला न्हाई. तुमी गोरखचं नाव घेतलं आन् बसलात." साळूबाई गोरखकडं वळली. "बाबा, तुज्यावर आळ येईल असं मला सुचलंच न्हाई. दुपारधरनं घास उतरला न्हाई घशाखाली. उद्या ह्ये तुला घिऊन निघालं असतं, तर म्या वाटंत आडवी पडले असते."

"आक्का," सोनबा म्हणाला, "माज्यासाठी क्येलंस व्हय?"

"तुज्यासाठी न्हाई. पोरगी बोहल्यावर उभी ऱ्हाती, तवा तिच्या पाठीशी मामा लागतो. ती जागा मोकळी दिसली असती, तर म्या काय केलं असतं?"

सोनबानं खाली बघितलं.

६

बाईंनीच पोतं सोडलं. तुकडे एकेक करून चादरीवर मांडले. कासवांचा तळ, त्याच्यावरचा दांडा. मग मोराचा माथा आणि त्याचा दांडा.

"आता हे जोडून दाखव, साळू."

साळूबाईनं जोडायला घेतलं. तळ आणि त्याचा दांडा सहज बसले. मोर आणि त्याचा दांडाही बसला. पण दोन्ही अर्धे भाग एकमेकांत जाईनात.

"हितं सुतळी गुंडाळलेली व्हती," ती म्हणाली. "कुजलेली. चिंचेच्या पाण्यानं निघून आली."

मॅडम पुढं झाल्या, गुडघ्यावर बसल्या. दोन्ही दांड्यांचे आटे त्यांनी बोटानं चाचपले आणि बाईंकडे पाहिलं. "हे एकमेकांसाठी केलेलेच नाहीत."

"नाहीत," बाई म्हणाल्या. "कारण ही एक समई नाही. दोन होत्या. निगुडवाडीची, खाली कासवं आणि वर हंस. पांगारीची, वर मोर आणि खाली हत्ती. बंकरात ठेवताना दोन्ही सुट्या केल्या असणार, पालखीत घालून न्यायला सोपं म्हणून. परत देताना काही तुकडे हरवले, काही कुठं गेले कोण जाणे. जे उरलं ते कुणीतरी सुतळी गुंडाळून एकावर एक चढवलं आणि उभं करून ठेवलं. टाकवलं नसणार त्याच्यानं."

ठकुबाईनं खुर्चीतून हात पुढं केला. प्रेरणानं कासवांचा तळ तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीनं एका कासवाच्या पाठीवर बोट फिरवलं आणि हसली. "सांगत व्हते की न्हाई? हंसच व्हता."

"आन् हत्ती व्हते," चिमाजी पलीकडून म्हणाला.

"आसतील बाबा," ठकुबाई म्हणाली. "तुमच्या गावाला कोण ग्येलं व्हतं बघाया?"

पहिलं कोण हसलं ते सांगता येणार नाही, पण सोनबा हसताना गेनूनं बघितलं आणि त्यालाही आवरेना. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि मग कुणाकडंच न बघता तो म्हणाला, "म्हेवणं, लग्नाला येताय न्हवं?"

"म्या काय पाव्हणा हाय, बोलवायला?" सोनबा म्हणाला.

मॅडमनी सांगितलं की दोन्ही अर्ध्या भागांची नोंद होईल, आणि ठेवायचं कुठं ते दोन्ही गावांनी एकत्र बसून कळवायचं. एकत्र बसायला त्याच घटकेला सुरुवात झाली. सुतळी नव्यानं गुंडाळायची आणि समई एका जत्रेला इकडं, दुसऱ्या जत्रेला तिकडं उभी करायची, इथवर आलं. कुठल्या गावापासून सुरुवात, यावर मात्र पुन्हा आवाज चढले, पण या वेळी मेहुणे एका बाजूला होते आणि बाकीचे दुसऱ्या.

गेनू मात्र त्यातून उठून गोरखपाशी आला. गोरख दारातल्या दगडावर बसला होता.

"गोरख," तो म्हणाला. गोरख्या म्हणाला नाही. "लई वंगाळ बोललो."

"जाऊ द्या आण्णा."

"जाऊ दे म्हणून जात न्हाई त्ये."

चार दिवसांनी लग्न लागलं. मामा भाचीच्या पाठीशी उभा राहिला आणि मंगलाष्टकं होईपर्यंत नाक ओढत राहिला. बाई आणि जहांगीरभाई पहिल्या पंगतीला बसले, कारण साळूबाईनं त्यांना दुसऱ्या पंगतीपर्यंत थांबूच दिलं नाही.

खेड्यातल्या लग्नात कोठी ज्याच्या ताब्यात असते, त्याच्यावर घरानं सारा भरवसा टाकलेला असतो. तूप, साखर, बुंदी, आहेराची लुगडी, सगळं त्या एका खोलीत. भल्याभल्या भाऊबंदांना सोडून गेनूनं त्या खोलीची किल्ली गोरखच्या हातात दिली होती. गोरखनं धुतलेला सदरा घातला होता, कपाळाला गंध होतं आणि तो कोठीच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसला होता.

तिसरी पंगत बसता बसता गेनू घाईघाईनं आला. "गोरख, बुंदीचं एक पातेलं दे. सोनबाच्या गावची माणसं बसल्यात."

गोरख जागचा हलला नाही.

"साळूआक्कानं सांगितल्याबिगर न्हाई मिळायचं, आण्णा," तो म्हणाला. "कोठी माज्याकडं हाय."

गेनूनं मांडवाच्या त्या टोकाला बघून हाक मारली, "आगं ए, जरा हिकडं ये गं! ह्यो मला बी देत न्हाई!"